अंगावरची नोंद

आपल्या बायकांच्या अंगावर वाचण्यासारखं पुष्कळ असतं. कपाळावरचं कुंकू, गळ्यातलं डोरलं, पायातली जोडवी, हातातला चुडा. अनोळखी गावातली अनोळखी बाई समोर आली तरी तिचं लग्न झालंय का, नवरा आहे का, घर खातंपितं आहे की बेताचं, कोणत्या समाजाची असावी, हे दुसरीला अर्ध्या मिनिटात कळतं. पण तिला शुगर आहे, ती रोज इन्सुलिन टोचून घेते, तिला पेनिसिलिन चालत नाही, तिला फिट येते, हे मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. पांढुर्ण्याच्या बाजारात ती चक्कर येऊन पडली, तर ती कुणाची बायको हे गर्दी सांगू शकते. तिला काय झालंय हे कुणी सांगू शकत नाही.

हल्ली शहरांतल्या मुली एक नवा दागिना घालू लागल्या आहेत. दिसायला साधं कडं किंवा पेंडंट. चांदीचं, स्टीलचं, कधी त्यावर मीनाकाम, कधी मण्यांची गुंफण. पालथं केलं की मागं कोरलेलं असतं : नाव, आजार, औषध, घरचा फोन नंबर. आपल्याकडं त्याला अजून धड नाव नाही. 'आजाराचं कडं' म्हटलं तर नाक मुरडतील. म्हणून नाव राहू द्या. हा दागिना आला कुठून, आणि अंगावर अशी नोंद वागवण्याची रीत किती जुनी आहे, ते आधी बघू या. त्यात आपल्या पांढुर्णा-सौंसरचाही धागा आहे, बरं का.

आपल्या भागात अंगावरच्या नोंदीची सगळ्यात जुनी रीत म्हणजे गोंदण. गोंड बाया, कुणब्यांच्या बाया, आपल्या आज्या-पणज्यांच्या बरोबरीच्या कितीतरी जणी कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदून घेत. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या म्हणायच्या. सांधे दुखतात म्हणून सांध्यावर ठिपके गोंदण्याचीही चाल होती. ही समजूत फक्त आपली नव्हे. १९९१ साली आल्प्स पर्वतातल्या बर्फात सुमारे पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा देह सापडला. त्याच्या कंबरेवर, गुडघ्यांवर, घोट्यांवर बारीक रेघा गोंदलेल्या होत्या, आणि अभ्यासकांना त्या जागी त्याची हाडं झिजल्याच्या खुणाही दिसल्या. दुखणं जिथं आहे तिथं खूण करावी, हे माणसाला फार पूर्वीपासून वाटत आलंय.

दुसरी रीत ताइताची. लेकराच्या गळ्यात काळा दोरा, त्यात चांदीची छोटी नळी, आत कागदावर मंत्र. आपल्या घरांतून नवकाराचं किंवा एखाद्या यंत्राचं पदक असतं. ताइताच्या आत काय लिहिलंय हे कुणी उघडून बघायचं नसतं; ते झाकलेलं असलं तरच गुण येतो अशी श्रद्धा. नव्या दागिन्याचं काम नेमकं उलटं आहे. त्यावरचं लिहिणं अनोळखी माणसानं वाचलं तरच गुण येतो.

असं लिहिणं सुरू झालं ते रणांगणावर. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. त्यात लढाईला जाण्याआधी काही शिपाई आपलं नाव-गाव कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून कोटाला टाचून ठेवत, का, तर मेलो तर घरी कळावं. सरकारनं ओळखीची पट्टी दिली नव्हती, ती त्यांनी स्वतःच केली. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फौजांनी गळ्यात घालायच्या चकत्या दिल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन शिपायाच्या चकतीवर नाव, नंबर आणि धर्म तर असेच, पण त्याशिवाय रक्तगट आणि धनुर्वाताची लस कोणत्या वर्षी टोचली तेही असे. मेल्यावर ओळख पटावी म्हणून आलेली चकती आता जगवण्याच्या कामी लागली.

धनुर्वाताचं नाव आलं, म्हणून आता गोटमारीकडं वळावं लागतं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि दोन काठांवरचे लोक एकमेकांवर दगड मारतात. झेंडा जो तोडेल त्याचा विजय. एका काठाचा मुलगा दुसऱ्या काठाच्या मुलीला पळवून नेत होता, नदीच्या मध्यावर दोघांवर दगड बरसले, अशी त्यामागची कथा सांगतात. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. नदीकाठी डॉक्टरांची पथकं आणि ॲम्ब्युलन्स उभ्या असतात. आणि तिथीचा योग असा, की आपल्या श्वेतांबर मूर्तिपूजक घरांत पर्युषणातलं महावीर-जन्मवाचन साधारण त्याच दिवशी येतं. उपाश्रयात त्रिशलामातेची चौदा स्वप्नं झुलतात, नारळ फुटतात, आणि तिकडं नदीत डोकी फुटतात. अहिंसेवर मी इथं प्रवचन देत नाही. मला त्या पथकातल्या डॉक्टरकडं लक्ष वेधायचं आहे. बेशुद्ध पोरगा समोर येतो. रक्त थांबवायचं, टाके घालायचे, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं. त्याला कशाची ॲलर्जी आहे, रक्त न गोठण्याचा आजार आहे का, हे कुणाला विचारायचं? सोबतचा मित्र त्याच्या आईचा नंबरही धड सांगू शकत नाही.

१९५३ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, टरलॉक नावाच्या छोट्या गावात, नेमका असाच प्रसंग आला. लिंडा कॉलिन्स नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला बोटाला कापलं. त्या काळी अशा जखमेवर धनुर्वाताचं प्रतिविष देत. ते घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं असे, म्हणून आधी थेंबभर टोचून चाचणी घेत. त्या थेंबानंच लिंडाला इतकी भयंकर ॲलर्जी झाली की ती मरता मरता वाचली. तिचे वडील मॅरियन कॉलिन्स स्वतः डॉक्टर होते. घराण्याचा दवाखानाच होता. तरी त्यांना प्रश्न पडला, की पोर उद्या बाहेरगावी गेली, पडली, बेशुद्ध झाली, आणि अनोळखी डॉक्टरनं भल्या मनानं तेच इंजेक्शन दिलं तर?

पहिला उपाय त्यांनी केला तो शिपायांचाच. कागदावर लिहून चिठ्ठी मुलीच्या कोटाला जोडली. पण पोर वाढती, कॉलेजात जाणारी. कोटाला चिठ्ठी लावून किती दिवस फिरणार? मग कागदाऐवजी चांदीचं ब्रेसलेट घडवण्याची कल्पना निघाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या सराफाकडून ते करून घेतलं. एका बाजूला वैद्यकाची जुनी खूण, म्हणजे काठीला वेढलेला साप. दुसऱ्या बाजूला तिला न चालणाऱ्या औषधांची नावं. मुलीला ते दागिना म्हणून घालता आलं, आणि डॉक्टरला सूचना म्हणून वाचता आलं. १९५६ साली मॅरियन आणि त्यांची पत्नी क्रिसी या दोघांनी 'मेडिकॲलर्ट' नावाची संस्था काढली, आणि तिथून ही रीत जगभर गेली. १९६३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशननं अशा सगळ्या वस्तूंसाठी एक सर्वसामान्य चिन्हही ठरवलं : सहा टोकांची चांदणी, आत तीच सापाची काठी.

घाबरू नका, हेही सांगून ठेवते : आज आपण घेतो ते धनुर्वाताचं साधं इंजेक्शन म्हणजे लस, ते घोड्याच्या रक्तापासून केलेलं नसतं. पण साप चावल्यावर देतात ते औषध आजही घोड्यांच्याच रक्तापासून बनतं. मुंबईच्या हाफकिन संस्थेनं ते काम कितीतरी वर्षं केलं आहे. संत्र्याच्या बागांत साप निघतातच. ते औषध जीव वाचवतं, ते घ्यायलाच हवं. पण आधी कधी त्याची जोराची ॲलर्जी आली असेल, तर डॉक्टरला ते आधीच माहीत असलेलं बरं. तो तयारीनिशी देतो.

आता पुन्हा रक्ताकडं येऊ. १९५२ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या एका वर्षात तीन ठिकाणी तीन गोष्टी घडल्या.

पहिली अमेरिकेत. कोरियाचं युद्ध चालू होतं, अणुबॉम्ब पडेल अशी भीती होती. इंडियाना राज्यातल्या लेक काउंटीत शाळेतल्या मुलांच्या डाव्या बाजूला, काखेच्या खाली, रक्तगट चक्क गोंदला. गोंदण, तेही शाळेत, सरकारी देखरेखीखाली! पण डॉक्टर मंडळी नुसत्या गोंदणावर विसंबून रक्त द्यायला तयार नव्हती, आणि ती योजना लवकरच मागं पडली. डॉक्टरांचं बरोबरच होतं. लिहिण्यात एका अक्षराची चूक, आणि माणूस दगावायचा. आजही कोणताही चांगला दवाखाना रक्त देण्याआधी गट स्वतः तपासून घेतो. म्हणून सोनाराकडं गेल्यावर आपण सगळ्यात आधी रक्तगट कोरायला सांगतो, ते खरं तर सगळ्यात कमी उपयोगाचं.

अपवाद एकच, आणि तो आपल्याच मुंबईचा. ही त्या सालची दुसरी गोष्ट. डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही रोग्यांचं रक्त विचित्र दिसलं. साध्या तपासणीत ते ओ गटाचं वाटे, पण ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नसे. ए, बी आणि ओ या सगळ्या गटांच्या रक्तात जो एक मूळ घटक असतो, तोच यांच्यात नव्हता. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात १९५२ साली ते प्रसिद्ध झालं, आणि त्या गटाला जगानं नाव दिलं : बॉम्बे ब्लड ग्रुप. या माणसाला त्याच गटाचं रक्त लागतं, दुसरं कुठलंही नाही. अशा माणसानं मात्र ती गोष्ट अंगावर वागवावीच.

तिसरी गोष्ट नीलगिरीची, आणि ती थेट आपल्या घराशी येते. लेहमन आणि कटबुश या दोघांनी १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींमध्ये सिकलसेल असल्याचं दाखवून दिलं. भारतातली ही पहिली नोंद. अमेरिकेत जेम्स हेरिक या डॉक्टरनं १९१० साली हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला होता. गोल तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि माणूस वेदनेनं गडबडा लोळतो. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं. तेव्हापासून कळत गेलं, की हा आजार दूरच्या डोंगरातला नाही. नागपूर, गडचिरोली, छिंदवाडा, बैतूल या सगळ्या पट्ट्यात तो आहे. गोंडांत आहे, विदर्भातल्या इतर अनेक समाजांतही आहे.

हा आजार बायकांना फार छळतो. दुखणं उठतं तेव्हा वरून काहीच दिसत नाही. ताप नाही, जखम नाही. मग सासरची माणसं म्हणतात, 'नाटक करून राहिली.' त्यात निर्जळी उपास घडला, किंवा उन्हातान्हात पाणी कमी पडलं, की दुखणं आणखी बळावतं.

२०२१ साली मध्य प्रदेशात झाबुआ आणि आलिराजपूर जिल्ह्यांत सिकलसेलच्या तपासणीचं काम प्रयोग म्हणून सुरू झालं. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, आणि २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणायचा, असं ठरलं. तपासणी झाली की ज्याला-त्याला रंगीत कार्ड मिळतं : आजार आहे, नुसता वाहक आहे, की काहीच नाही. आपल्या राज्यात सरकारनं घरोघर पोचवलेली ही आजाराची नोंद. अमेरिकेतली चांदीची पट्टी आणि आपल्याकडचं हे कार्ड, दोघांचं गोत्र एकच.

पण कार्डासोबत एक सल्लाही येतो : लग्नाआधी पत्रिकेसारखी कार्डं जुळवा. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. दोन्ही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. पण आपण बायका जाणतो, की कार्ड दोघांची असली तरी बोट मुलीकडंच वळतं. मुलगा वाहक असला तर 'त्याला काय झालं, धडधाकट तर आहे'. मुलगी वाहक निघाली तर स्थळ परत जातं. म्हणून कितीतरी आया कार्ड कपाटाच्या तळाशी लपवतात. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे आपण आपल्या मंडळांतून आधी पुरुषांना आणि सासूबाईंना सांगायला हवं. त्याशिवाय कार्ड बाहेर येणार नाही.

अंगावरची खूण उलटू शकते, ही भीती खोटी नाही. हिटलरच्या खास फौजेतल्या लोकांच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला रक्तगट गोंदलेला असे, जखमी झाल्यावर पटकन रक्त मिळावं म्हणून. युद्ध हरल्यावर त्याच गोंदणावरून ते पकडले गेले. ते पकडले गेले ते चांगलंच झालं. पण खूण कुणाच्या हाती पडेल हे खूण करणाऱ्याला ठरवता येत नाही, एवढं त्यातून घ्यावं. आपल्याकडचं उदाहरण तर कायद्यातलं आहे. हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू होतो. १९७६ साली त्यात दुरुस्ती झाली आणि फिट येणारी व्यक्ती लग्नाला अपात्र, असं कलम आलं. म्हणजे औषध घेऊन सुखानं संसार करणाऱ्या बाईचं लग्नही त्या एका शब्दावरून कोर्टात ओढता येई. १९९९ साली तो शब्द काढून टाकला. तेवीस वर्षं तो शब्द कायद्यात होता. त्या काळात वाढलेल्या मुलींच्या आयांनी गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या असतील, तर त्यांना दोष कोण देणार? पण आज कायदा बदललाय आणि लपवण्याची सवय तशीच राहिली आहे. फिट आली की अजून कुणी चप्पल हुंगायला देतं, कुणी कांदा फोडतं, कुणी म्हणतं जामसावळीला न्या. हनुमानाच्या दर्शनाला जायला कुणाची ना नाही. जाताना गोळ्या सोबत घ्या, आणि फिटेत तोंडात काही कोंबू नका, कुशीवर वळवा.

आता आपल्या घरातलं उदाहरण घेऊ, म्हणजे उपासाचं. समजा, सौंसरच्या एका घरातल्या सासूबाई, वय साठ, इन्सुलिनवर. दशलक्षणात किंवा पर्युषणात उपास धरला, चौविहार केला. सकाळी मंदिरात जाताना घाम फुटला, हात थरथरले, बोलणं बरळल्यासारखं झालं. बघणारी म्हणते, उपासानं अशक्तपणा आला. दुसरी म्हणते, अंगात आलं. खरं म्हणजे साखर खाली गेलेली असते, आणि वेळीच साखर दिली नाही तर माणूस बेशुद्ध पडतो. १९२२ साली टोरांटोत इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं, आणि मरणाच्या दारातली मुलं परत आली. पण त्यासोबत हा नवा धोकाही आला. त्यापायी इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात कार्ड ठेवण्याची चाल पाश्चात्त्य देशांत रूढ झाली, कारण रस्त्यावर अडखळणाऱ्या अशा माणसाला लोक दारुडा समजत. आपल्याकडं दारुडा नाही तर तपस्वी समजतात, इतकाच फरक. कडं असतं आणि त्यावर दोन शब्द असते, तर शेजारणीनं वाचले असते. तप करावं की नाही हे ज्याचं त्यानं, गुरूंना आणि डॉक्टरांना विचारून ठरवावं. पण देहाची खरी स्थिती लपवून केलेल्या तपाला आपल्या धर्मातही मोठेपण नाही.

काही जणी विचारतील, अपरिग्रह सांगणाऱ्यांनी आणखी एक दागिना कशाला करायचा? मला वाटतं, शोभेसाठी कपाटभर दागिने साठवणाऱ्या आपण, जिवासाठीच्या एका चकतीला परिग्रह म्हणू नये. मात्र ती आपल्या आचाराला धरून करता येते. चामड्याचा पट्टा नको. मोती आणि रेशीमही अनेक जणी वर्ज्य करतात. चांदी, स्टील, सुती दोरा, काचेचे मणी पुरतात. नवकाराच्या पदकामागं औषधांची नावं कोरू नका. ते पदक आशातना नको म्हणून आपण कितीदा काढून ठेवतो, आणि नेमकं तेव्हाच काम पडायचं. चकती वेगळी असू द्या.

सोन्याची तर मुळीच करू नका. त्याचं कारण व्यवहाराचं आहे. अपघात झाला, दवाखान्यात न्यायचं झालं, की आपल्याकडं नातेवाईक पहिल्यांदा काय करतात? बाईच्या अंगावरचं सोनं उतरवतात आणि रुमालात बांधून ठेवतात. चोरीची भीती असते, त्यांचं चुकत नाही. पण सोन्यासोबत आजाराची चकतीही रुमालात गेली, तर ती करून फायदा काय? स्टीलचं कडं कुणी काढत नाही. ते गळ्यात किंवा मनगटात असावं, कारण ॲम्ब्युलन्समधला माणूस नाडी बघायला तिथंच हात लावतो. सुंदर जरूर असावं, लिंडाचंही होतं. पण इतकं सुंदर नको की इतर बांगड्यांत ओळखूच येऊ नये. सापाच्या काठीची लाल खूण वरच्या बाजूला हवी.

काय लिहावं? जागा इवलीशी असते. नाव, मुख्य आजार, चालणारं किंवा न चालणारं औषध, एक फोन नंबर, तोही घरात जो खरोखर उचलतो त्याचा. पेसमेकर असेल तर 'पेसमेकर'. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्यांचं नाव. बाकीचं सविस्तर कागदावर, पर्समध्ये. आता मोबाइलच्या कुलपाच्या पडद्यावरही आजाराची माहिती दिसेल अशी सोय असते. आणि सरकारी आभा खात्याचा चौदा आकड्यांचा नंबर असतो, त्यावर तपासण्या साठवता येतात. पण बॅटरी संपते, रेंज जाते. कोरलेलं अक्षर कुठं जात नाही.

आणि कोणत्या भाषेत लिहावं? हा प्रश्न पुण्यामुंबईच्या बाईला पडत नाही, आपल्याला पडतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि आपली राजधानी भोपाळ झाली. लिंडाच्या आईवडिलांनी संस्था काढली तेही हेच साल. २०२३ साली पांढुर्णा स्वतः जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. पण माणूस गंभीर झाला की ॲम्ब्युलन्स आजही नागपूरकडंच धावते, आणि कागदावरची हद्द तासाभरात ओलांडते. इथं १०८ वर हिंदीत बोलायचं, तिथं वॉर्डात मावशी मराठी बोलणार, डॉक्टर केसपेपर इंग्रजीत लिहिणार. म्हणून एका बाजूला देवनागरीत लिहा, दोन्ही राज्यांत वाचता येतं. 'शुगर', 'इन्सुलिन', 'फिट', 'सिकलसेल' असे रोजचे शब्द, जे संत्र्याच्या गाडीवरचा पोरगाही समजेल. दुसऱ्या बाजूला औषधाचं नाव इंग्रजी अक्षरांत, डॉक्टरसाठी.

ज्यांना अंगावर काही वागवायचंच नसतं अशा आपल्या साध्वीजी आणि आर्यिका माताजी यांचाही विचार करा. त्या पायी विहार करतात, हमरस्त्याच्या कडेनं, ट्रकांच्या शेजारून. धातूचा तुकडा त्या घेणार नाहीत, घ्यावा असं कुणी म्हणूही नये. त्यांच्या प्रकृतीची नोंद सोबत चालणाऱ्या श्रावक-श्राविकांजवळ असावी, आणि पुढच्या गावच्या संघाला ती विहाराच्या निरोपासोबतच पोचावी. मुक्तागिरीच्या पायऱ्या चढायला निघालेल्या यात्रेच्या बसमध्येही तेच. बसच्या यादीत नावापुढं एक रकाना वाढवायला काय लागतं?

शेवटी मुलींविषयी. चकती कुणाच्या गळ्यात सक्तीनं अडकवू नका. फिट येणाऱ्या किंवा सिकलसेल असलेल्या पंधरा वर्षांच्या पोरीला आधी विचारा : तुला हार हवा की कडं? पुढं काय लिहायचं, मागं काय लिहायचं? शाळेत कुणी विचारलं तर तू काय सांगशील? तिच्या आजाराची गोष्ट तिची आहे. ती कुणाला दाखवायची हे तिनं ठरवावं, आणि तिनं दाखवली तर आपण तिच्या बाजूनं उभं राहावं. येत्या पर्युषणाआधी आपल्या महिला मंडळानं एक दुपार यासाठी द्यावी. कुणाला काय आहे ते चारचौघांत विचारू नये. फक्त ओळखीच्या सोनाराला बोलवावं, नमुने दाखवावेत, कोराईचा दर ठरवून घ्यावा. घरी जाऊन जिनं-तिनं आपली चिठ्ठी स्वतः लिहावी, आणि ती आधी डॉक्टरला दाखवून मगच कोरायला द्यावी.